आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कोण कशाला शिरेल?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-नॅपकिनचा छोटा कारखाना आहे. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरला आम्ही सर्व्हर म्हणतो. त्यावर टॅली आहे, बारा वर्षांचे हिशेब आहेत, पार्ट्यांच्या उधाऱ्या आहेत आणि जेकार्डची सगळी डिझाइनं आहेत. चाटी गल्लीतल्या आमच्या दुकानातून हे सगळं बघता यावं, आणि मुलगा हिंजवडीला नोकरीला असतो, त्यालाही तिथून बघता यावं, अशी इच्छा आहे. सध्या तो शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो, रविवार हिशेबात घालवतो आणि सोमवारी पहाटे परत जातो. कॉम्प्युटरचं काम बघणारा मुलगा म्हणतो, ‘राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.’ सीए म्हणतात, ‘असलं काही करू नका, पस्तावाल.’ मला एवढंच कळत नाही, की जगात एवढ्या बँका आणि मोठ्या कंपन्या असताना आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कोण कशाला शिरेल? आणि शिरलाच, तर आमच्या उधाऱ्या बघून त्याला मिळणार काय?
— एक टॉवेल उत्पादक, सोलापूर

उत्तर : तुमच्या सीएंचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची इच्छाही रास्त आहे. चूक आहे ती फक्त त्या दहा मिनिटांच्या पद्धतीत. पण तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

तुमच्याकडे कोणी ठरवून येत नाही. तुमचं नाव, गाव, धंदा त्याला ठाऊकही नसतो. इंटरनेटवर उघड्यावर असलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत. ऐकायला आकडा अफाट वाटतो. पण २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम लिहिला आणि चांगल्या वेगाच्या जोडणीवर एकाच कॉम्प्युटरवरून हे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावून दाखवले. प्रत्येक पत्त्याला क्रमांक घातलेली साठ-पासष्ट हजार दारं असतात, त्यांनाच पोर्ट म्हणतात. विंडोजमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा लांबून चालवण्याची जी सोय आहे, रिमोट डेस्कटॉप, ती ३३८९ क्रमांकाच्या दाराशी बसून हाकेची वाट बघते. तुमचा कॉम्प्युटरवाला उघडून देणार आहे ते हेच दार. एकदा ते उघडलं, की पुढच्या फेरीत तुमचा पत्ता यादीत जातो. त्या यादीत सोलापूर नसतं, टॉवेल नसतात, फक्त आकडे असतात.

होटगी रोडवरच्या एका गोदामात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तिथेही असंच पोर्ट उघडलं होतं आणि ‘कॉम्प्युटर हळू चालतोय’ एवढीच तक्रार होती. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची नोंदवही असते. तिच्या सिक्युरिटीच्या पानांवर चुकलेल्या प्रत्येक लॉगिनची ४६२५ या क्रमांकाखाली नोंद होते. ते पान उघडलं आणि खाली सरकवत राहिलो. रात्री दोन वाजता, दोन वाजून तीन सेकंदांनी, पाच सेकंदांनी. समोर नावं: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, युजर, टेस्ट, अकाउंट्स, पुन्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पान संपेना. मालक शेजारी उभे होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग हळू आवाजात विचारलं, ‘ही माणसं कोण?’ माणसं नव्हतीच ती. कुठल्याशा देशात चालू असलेला प्रोग्राम होता. त्याला झोप नाही, कंटाळा नाही, आणि गोदामाच्या पासवर्डात मालकांचं आडनाव आणि १२३ एवढंच होतं. तो पासवर्ड सापडायच्या आत आम्ही पोहोचलो, हे नशीब.

आता, त्याला मिळणार काय? तुमच्या उधाऱ्यांची त्याला काडीची किंमत नाही. पण तुम्हाला ती किती आहे, हे तो ओळखून आहे, आणि तेवढं त्याला पुरतं. आत शिरला की तो टॅलीचा डेटा, डिझाइनं, बिलांच्या फाइली सगळ्यांना कुलूप लावतो आणि पडद्यावर एक चिठ्ठी ठेवतो: किल्ली हवी असेल तर इतके पैसे भरा. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क असेल, तर तिलाही त्याच दमात कुलूप लागतं. बँकांवरचे हल्ले वेगळे असतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ते काम बँक हेरून, तयारी करून केलेलं होतं. तुमच्या-आमच्या धंद्यांवरचा हल्ला घाऊक असतो. जाळं टाकायचं आणि येईल तो मासा घ्यायचा.

पासवर्ड भक्कम ठेवला तर? उपयोग आहे, पण पुरेसा नाही. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं. त्यातून शिरायला पासवर्ड लागतच नव्हता. ते इतकं गंभीर होतं, की आधार संपून पाच वर्षं झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती काढली. त्याआधी २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा असाच फाइलींना कुलूप लावणारा प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा विंडोजच्या चालू आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती दोन महिने आधीच येऊन पडलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. काही जण ३३८९ ऐवजी भलताच क्रमांक देतात आणि निर्धास्त होतात. ठोठावणारा सगळेच क्रमांक ठोठावू शकतो, त्यामुळे त्यात फारसं हाती लागत नाही.

म्हणून माझं ठाम मत असं, की सर्व्हरचं दार मजबूत करण्याच्या मागे लागण्याआधी ते दार रस्त्याच्या बाजूला असूच देऊ नये. कारखाना, चाटी गल्लीतलं दुकान आणि हिंजवडीची खोली मिळून आपलं एक खासगी बोळ करायचं आणि सर्व्हरचं दार फक्त त्या बोळात उघडायचं. या बोळालाच व्हीपीएन म्हणतात. त्यातून जाणारा प्रत्येक शब्द गुंडाळून, सील करून जातो. वाटेत कोणी पकडला तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरं येतात.

यासाठी मी वायरगार्ड सुचवीन. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं, फुकट आहे, आणि मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच घेतलं गेलं. त्याचा मूळ प्रोग्राम जेमतेम चार हजार ओळींचा. एखादा जाणकार बसला तर अख्खा वाचून तपासू शकतो, आणि तसा तो तपासलाही गेला आहे. पण मला त्याचा जो गुण सगळ्यांत आवडतो तो असा: अनोळखी हाकेला ते उत्तरच देत नाही. ‘आत येऊ नका’ असंही म्हणत नाही, ‘पासवर्ड चुकला’ असंही म्हणत नाही. ठोठावत फिरणाऱ्याला तिथे दार आहे याचा पत्ताच लागत नाही. होटगी रोडच्या गोदामात नोंदवहीची जी पानं भरली होती, तशी एक ओळही पडत नाही, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट जातच नाही.

मग आपला माणूस ते ओळखतं कसं? व्यापारात फाटक्या नोटेची जुनी खूण तुम्ही ऐकली असेल. एक तुकडा याच्याकडे, दुसरा त्याच्याकडे, दोन्ही कडा जुळल्या की माणूस खरा. इथेही प्रत्येक यंत्र आपल्यासाठी असेच दोन तुकडे तयार करतं. एक खासगी किल्ली, ती त्या यंत्राबाहेर कधी जात नाही. दुसरी जाहीर किल्ली, ती समोरच्याला द्यायची. फरक इतकाच, की नोटेचा एक तुकडा बघून कसबी माणूस दुसरा बनवू शकेल. इथे जाहीर तुकडा सगळ्या गावाला वाटला तरी त्यावरून खासगी तुकडा बनवता येत नाही. किल्ली म्हणजे दिसायला ४४ अक्षरांची एक ओळ असते. मुलाच्या लॅपटॉपची जाहीर ओळ सर्व्हरमध्ये लिहायची, सर्व्हरची जाहीर ओळ त्याच्या लॅपटॉपमध्ये. झालं काम.

एक चूक मात्र मी वारंवार बघतो. काम करणारा मुलगा सोयीसाठी सगळ्यांच्या खासगी किल्ल्या स्वतःच्या लॅपटॉपवर बनवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. मग तुमच्या कारखान्याच्या सगळ्या किल्ल्यांची एक प्रत त्याच्याकडे राहते, एक कुठल्याशा चॅटमध्ये. त्याची नियत चांगली असेल, पण उद्या त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर? त्याला सांगा, किल्ली ज्या यंत्रावर वापरायची त्याच यंत्रावर बनव, आणि पाठवायची ती फक्त जाहीर ओळ. आणि प्रत्येक यंत्राला स्वतंत्र किल्ली हवी. दुकानाच्या कॉम्प्युटरला वेगळी, मुलाच्या लॅपटॉपला वेगळी, त्याच्या मोबाइलला वेगळी. म्हणजे मोबाइल हरवला तर सर्व्हरमधली त्याची एक ओळ पुसली की विषय संपला, बाकीच्यांना धक्का नाही. बोळ तयार झालं की विंडोजच्या फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉप फक्त त्या बोळातल्या पत्त्यांनाच खुला ठेवा, बाकी सगळ्यांना बंद.

इथे एक अडचण येणार, ती आधीच सांगून ठेवतो. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा म्हणजे ‘वॅन’चा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी किंवा १० नं सुरू होत असेल, तर तुम्हाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळालेलाच नाही. जुने पत्ते संपत आल्यामुळे नेटवाले शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. एका चाळीला एकच टपालपेटी असावी, तसं. अशा जोडणीवर बाहेरून आलेली हाक तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे त्या मुलाचं दहा मिनिटांचं कामही होणार नव्हतं. पुढे तो ‘स्टॅटिक आयपी घ्या’ म्हणेल. वायरगार्डसाठी तो घेतला तर हरकत नाही. नेटवाले त्याचे वेगळे पैसे घेतात आणि देतात.

तो घ्यायचा नसेल तर टेलस्केलसारखी सेवा आहे. ती वायरगार्डच्याच पायावर उभी आहे. दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारतात आणि मधली सेवा त्यांची गाठ घालून देते. राउटरमध्ये काहीच उघडावं लागत नाही. थेट गाठ पडली नाही तर मजकूर त्यांच्या यंत्रावरून पुढे जातो, पण किल्ल्या तुमच्या यंत्रांवरच असल्यामुळे तो त्यांना वाचता येत नाही. छोट्या कारखान्याला ही वाट सगळ्यांत सोपी पडते. भार मात्र सगळा एका ठिकाणी येतो. ज्या ईमेल खात्यानं तुम्ही तिथे लॉगिन करता, ते ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती अख्खं बोळ गेलं. ते खातं कारखान्याच्या नावानं वेगळं काढा. कॉम्प्युटरवाल्याच्या खात्यावर जोडणी करू देऊ नका, आणि त्यावर दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज मोबाइलवरचा कोड, पहिल्या दिवसापासून लावा.

बोळ झालं. आता त्यातून टॅली कसं चालवायचं? काही जण सर्व्हरवरचा डेटाचा फोल्डर शेअर करतात आणि मुलाच्या लॅपटॉपवरची टॅली थेट त्यावर चालवतात. हे करू नका. एकेक व्हाउचरला तिष्ठत बसावं लागतं, आणि लिहिता लिहिता जोडणी तुटली तर डेटा बिघडतो. त्यापेक्षा बोळातून रिमोट डेस्कटॉप वापरा. टॅली कारखान्यातच चालते, पुण्याला जातं ते फक्त पडद्याचं चित्र. मध्येच नेट गेलं तरी इकडचं काम जिथल्या तिथे राहतं.

आणि इथेच पहिल्या दिवशी भांडण होतं. साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकालाच बसता येतं. मुलानं पुण्याहून लॉगिन केलं, की सर्व्हरवर काम करत असलेल्या दिवाणजींचा पडदा कुलूपबंद होतो. ते बिचारे जीएसटीचं रिटर्न भरण्यात गुंतलेले असतात. त्यांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला. ते पुन्हा पासवर्ड टाकतात आणि तिकडे मुलगा बाहेर फेकला जातो. दोघांनी एकदम काम करायचं असेल तर विंडोज सर्व्हर आणि त्याचे प्रत्येकी परवाने घ्यावे लागतात, किंवा लांबून बसण्यासाठी टॅलीच्याच नेटवर्कमधला एक वेगळा कॉम्प्युटर ठेवावा लागतो. छोट्या कारखान्यासाठी मला हा दुसरा उपाय पटतो. ऑफिसातला एखादा जुना चालू कॉम्प्युटर मुलासाठी राखून ठेवा. एकाच विंडोजवर अनेकांना बसवणारे फुकटचे जुगाड मिळतात, ते घेऊ नका. ते परवान्यात बसत नाहीत आणि पुढच्या अपडेटला बंद पडतात. विंडोज होम असेल तर तिच्यात बाहेरून बसण्याची सोयच नसते, प्रो लागते. आणि कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सर्वसाधारण आधार संपला आहे. ते काम आधी उरका.

मुलाला फक्त येणी-देणी आणि शिल्लक बघायची असेल, तर एवढ्या खटाटोपाची गरजही नसेल. टॅलीप्राइमचं सब्स्क्रिप्शन चालू असेल तर अहवाल ब्राउझरमध्ये बघण्याची सोय त्यातच आहे. आधी त्याला नीट विचारा, तुला नेमकं काय हवंय. व्हाउचर टाकायची आहेत, की नुसतं बघायचं आहे?

एनीडेस्कबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्याकडे ते असणार. समोर माणूस बसलेला असताना दुरुस्तीपुरतं वापरलं आणि बंद केलं, तर ठीक आहे. कायमचा पासवर्ड घालून रात्रंदिवस चालू ठेवणं मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द त्या कंपनीच्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं तिनं जाहीर केलं होतं. आणि फोनवरून ते टाकायला लावून खात्यातले पैसे काढले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. दिवाणजींना स्पष्ट सांगून ठेवा: ‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्कचा नंबर सांगा’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवायचा.

आता जे काम कोणी सुरक्षेत धरत नाही, ते. सर्व्हर ठेवलाय कुठे? मागांच्या शेजारच्या खोलीत असेल तर एकदा त्याचं झाकण काढून बघा. मी बघितलंय. पंख्याच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा राखाडी थर बसतो, टॉवेलचाच एखादा तुकडा आत कोंबावा इतका जाड. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की तो पंखा नुसता फिरतो, थंड करत नाही, आणि भर दुपारी सर्व्हर आपोआप बंद पडतो. मुलगा हिंजवडीत बसून म्हणणार, ‘व्हीपीएन चालत नाही.’ दर महिन्याला ब्लोअरनं झाडून घ्या. यूपीएसवर सर्व्हरबरोबर राउटर आणि नेटवाल्याची छोटी पेटीही जोडा. अनेक ठिकाणी सर्व्हर चालू असतो आणि राउटर लाईटबरोबर गेलेला असतो. कॉम्प्युटरच्या बायॉसमध्ये लाईट परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती लावून घ्या. नाहीतर रविवारी बटण दाबायला तुम्हाला कारखान्यात जावं लागेल.

बॅकअप दोन हार्ड डिस्कवर आळीपाळीनं घ्या आणि घेतल्यावर डिस्क काढून घरी न्या. काढून, हे महत्त्वाचं. महिन्यातून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. डिस्कवर फाइल दिसते म्हणजे ती उघडतेच असं नाही, आणि हे कळण्याची वेळ हल्ल्यानंतरची नसावी.

शेवटी माणसं. दिवाणजींचं वेगळं खातं, मुलाचं वेगळं, दुकानाचं वेगळं, आणि रोजच्या कामाचं कुठलंही खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं आणि किल्ली त्याच संध्याकाळी काढा. त्यात अविश्वास नाही. कारखान्याच्या फाटकाची किल्ली आपण परत घेतोच ना? राउटरचा मूळ पासवर्ड बदलून एका वहीत लिहा आणि ती वही तिजोरीत ठेवा. तो पासवर्ड फक्त कॉम्प्युटरवाल्याला ठाऊक, मालकाला नाही, अशी कितीतरी ऑफिसं मला माहीत आहेत. त्या मुलाला काढू मात्र नका. हे सगळं त्याच्याकडूनच करून घ्या, दिवसभर लागला तर दिवसाची मजुरी द्या. दहा मिनिटांचे पैसे देऊन दिवसाचं काम होत नाही.

प्रश्न : व्हीपीएनवर सरकारनं बंदी आणलीय असं ऐकलं. आमच्या ऑफिसात वापरलं तर गुन्हा होईल का?
— कर सल्लागाराच्या कार्यालयातील कर्मचारी, साखर पेठ

उत्तर : नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं निर्देश काढले. लोकांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं जपावी, असं त्यांत होतं. ते न पटल्यानं काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले, आणि तिथून ही बंदीची वदंता पसरली. कंपनीनं स्वतःच्या माणसांसाठी उभारलेल्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही, हे सर्ट-इननंच पुढे स्पष्ट केलं. तुमच्या कामाच्या बाबी त्याच निर्देशांत दुसरीकडे आहेत: घुसखोरी किंवा खंडणीचा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. विंडोजची सिक्युरिटीची नोंदवही मुळात फक्त २० एमबीची असते. ती भरली की जुनी पानं पुसून नवी लिहिते. तिचा आकार वाढवून ठेवा, नाहीतर गरज पडेल तेव्हा हवं ते पान नसेल. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा. हा क्रमांक सोलापूरकरांना वेगळा पाठ करावा लागू नये. इथे मार्शल लॉ पुकारला गेला ते साल तेच.

प्रश्न : आमच्या प्रकल्पासाठी लिनक्सचा सर्व्हर घेतलाय, एसएसएचनं जोडतो. तिचा पोर्ट २२ च का? आणि पासवर्ड बंद करून किल्ली लावा, असं सर म्हणतात. बाहेरच अडकलो तर?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी कान लावून बसलं आणि पासवर्ड चोरत राहिलं. तेव्हा लांबून काम करण्यासाठी टेलनेट वापरत आणि त्यात पासवर्ड उघडा जाई. तिथल्या तातू युलोनन या संशोधकानं त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. टेलनेटचा क्रमांक २३ होता, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१. आपला प्रोग्राम या दोघांची जागा घेणार, तर मधला २२ मोकळा आहे, तो मिळावा, असं त्यानं क्रमांक वाटणाऱ्यांना ईमेलनं विचारलं. दुसऱ्याच दिवशी तो मिळाला. त्या वर्षाअखेरीस पन्नास देशांत वीसेक हजार लोक ते वापरत होते.

तुमच्या सरांचं ऐका. पासवर्ड कितीही लांब असला तरी त्याचा अंदाज बांधत बसता येतं, किल्लीचा नाही. अडकण्याची भीती खरी आहे, म्हणून क्रम पाळा. आधी तुमची जाहीर किल्ली सर्व्हरवर ठेवा आणि तिनं लॉगिन होतंय ना ते बघा. मग सेटिंगमध्ये पासवर्ड बंद करून सेवा पुन्हा सुरू करा. आणि पहिली खिडकी तशीच उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्यानं जोडून बघा. तिथे आत जाता आलं तरच पहिली बंद करायची.